सासऱ्यांचा ट्राउट आणि लांबलेला वसंत

माझे सासरे देवगडहून थेट कॅलिफोर्नियात मासे पकडायला आले, ही चूक माझी.

आप्पा, म्हणजे मृणालचे वडील, आयुष्यभर खाडीवर मासे गरवलेला माणूस. २००६ साली ते सांता क्लाराला आमच्याकडे आले ते स्वतःची गळाची बांबूची काठी घेऊनच! (कस्टम्सला काय सांगितलं, देव जाणे.) "आप्पा, मे महिन्यात इथल्या डोंगरात ट्राउट नुसते उड्या मारतात," असं मीच फोनवर ठोकून दिलं होतं. तोवर मी ट्राउट फक्त मेनूकार्डावर पाहिला होता.

डोंगरातल्या एका तळ्यावर जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी तळ्याकाठच्या दुकानदाराला फोन केला. "यंदा वसंत लांबलाय, तीन आठवड्यांनी या," तो म्हणाला. पण आप्पांचं परतीचं तिकीट पंधरा दिवसांवर! घरात मी काही बोललो नाही.

पाच तास ड्राइव्ह करून पोचलो, तर तळं कुठे दिसेना. समोर पांढरं सपाट मैदान होतं, तेच तळं! वरची कुरणं बर्फाखाली, म्हणून हरणं रस्त्यापर्यंत उतरली होती. बरगड्या दिसत होत्या बिचाऱ्यांच्या.

"अरे, तू फोन केला होतास ना?" मृणालने विचारलं.

"केला होता."

"मग?"

"तो म्हणाला, या."

(मधले दोनच शब्द गाळले!)

आप्पा शांतपणे काठी घेऊन शेजारच्या ओढ्याकडे गेले. वितळत्या बर्फाचं गढूळ पाणी धो धो धावत होतं. "राहू द्या जावईबापू, अशा पाण्यात मासा दगडाआड बसतो."

पण मला पाप फेडायची घाई! "द्या हो इकडे," म्हणत काठी घेतली, दगडावर चढलो आणि थेट कमरेइतक्या पाण्यात!

"काठी सोडा! हात द्या!"

अडुसष्ट वर्षांच्या माणसाने मला कॉलर धरून बाहेर काढलं. त्यांची चाळीस वर्षांची काठी मात्र वळणापलीकडे गेली.

"आप्पा, सॉरी..." माझे दात वाजत होते.

"असू द्या. काठीला निदान पोहता येतं," आप्पा म्हणाले, आणि बराच वेळ त्या वळणाकडे बघत राहिले.

ते देवगडला परतले आणि आठवड्याभरात बर्फ गेला. मी एकटाच तळ्यावर गेलो. ट्राउट खरंच उड्या मारत होते! शेजारच्या आजीबाईंनी बघता बघता बादली भरली. मी नवाकोरा रॉड धरून दिवसभर बसलो. संध्याकाळी आप्पांना फोन केला.

"काय, मासे लागतात का आता?"

"एकही नाही, आप्पा."

"मग बरं झालं. मी काही चुकवलं नाही म्हणायचं."

सबंध प्रकरणात मी त्यांच्याशी खरं बोललो ते एवढंच, आणि तेही मला मासे पकडता येत नाहीत म्हणून!