लसूणघास आणि आप्पांची गंजी

आप्पांची घोडी शर्यतीत पळायची थांबून चार वर्षं झाली होती. आप्पा म्हणजे माझे वडील. येळ्ळूरच्या घरामागच्या गोठ्यात ते तिला वर्षभर माळावरचं, गंजी रचून ठेवलेलं वाळलेलं गवत घालायचे. मी बेळगावात शाळेत विज्ञान शिकवते. उशिरा कापलेल्या गवतात प्रथिनं फार कमी उरतात, असं माझ्या वाचनात आलं आणि घोडीच्या बरगड्या माझ्या डोळ्यांत खुपायला लागल्या.

"म्हातारी झालीया ती. ह्येच पचतंय तिला," आप्पा म्हणाले.

आप्पा चार दिवस आत्याकडं खानापूरला गेले, तशी मी शेजारच्या म्हशीवाल्याकडून भरपूर प्रथिनांच्या लसूणघासाचे हिरवेगार भारे आणले. गवताची काडीही घातली नाही. घोडी अधाशासारखी खायची, पाणी दुप्पट प्यायची. गोठ्यात मुताचा वास नाकाला झोंबायचा. मला वाटलं, गुण येतोय.

आप्पा परतले त्या सकाळी ती वळून वळून पोटाकडं बघत होती. मग आडवी पडून लोळायला लागली. आप्पा जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावेपर्यंत मी गव्हाणीतला उरलेला घास उचलून उकिरड्यावर टाकला.

डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, इंजेक्शन दिलं. विचारलं, "खाण्यात काही बदल?"

मी घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

"न्हाय, सायेब. आमचं गवतच," आप्पा म्हणाले. मग जरा थांबून, "गंजीचं खालचं गवत दमट झालं असंल. बुरशी लागली असंल. माझंच चुकलं."

डॉक्टर त्यांना बोलले. एवढी वर्षं घोडी पाळता, एवढंही बघत नाही? आप्पांनी मान खाली घातली.

दुपारी घोडीनं लीद टाकली आणि ती उठली. संध्याकाळी आप्पांनी काडीही न तपासता अख्खी गंजी उपसून बांधावर पेटवली. गवत खडखडीत, पिवळंधमक होतं. त्याचे कवळे मीच उचलून त्यांच्या हातात दिले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून डॉक्टरांना फोन केला. आप्पांपेक्षा परक्याला सांगणं सोपं होतं.

"लसूणघास वाईट नाही," ते म्हणाले. "गवतात मिसळून मूठमूठ वाढवत न्यायचा, दोन आठवडे तरी. एकदम घातला की आतडी बिघडतात, वायू धरतो. जास्तीची प्रथिनं लघवीवाटे जातात, तोच तो वास. पण बाई, हे काल का नाही सांगितलं?"

तास सुरू होतोय म्हणत मी फोन ठेवला.

घरी आले. आप्पा घोडीला खरारा करत होते. मी सगळं सांगितलं, उकिरड्यासकट.

त्यांचा हात थांबला. "म्हंजे गवत चांगलं हुतं?"

"व्हय, आप्पा."

"बरं," ते म्हणाले आणि पुन्हा खरारा करायला लागले.

पुढचा रविवार मी काकतीपर्यंत गवत शोधत फिरले. टेम्पो भरून आणलं. आप्पांनी एक पेंढी सोडली, हुंगली, आतून दोन काड्या ओढून मोडून बघितल्या. मग दुसरी सोडली, तिसरी सोडली. मी शेजारी उभी होते. माझ्याकडं न बघता त्यांनी एकेक पेंढी तपासली.