रेघेवरचा कॅच

कैलास भोपी टेनिस बॉलच्या मॅचची कॉमेंट्री करतो. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत कुठेही टुर्नामेंट असू दे, मांडवात माईकवर हाच. एरवी एमआयडीसीत एका कंपनीचं स्टोअर सांभाळतो, आणि उरलेला सगळा वेळ वाचतो. म्हणजे काहीही! मुघल, सुएझ कालवा, क्यूबातली क्षेपणास्त्रं, उशीएवढ्या जाड रशियन कादंबऱ्या. आणि वाचलेलं पोटात राहतच नाही ना त्याच्या! बॅट्समन उगाच दुसऱ्या रनला पळाला की हा म्हणणार, "नेपोलियनसुद्धा असाच निघालेला मॉस्कोला, परत येताना हाल झाले!" पोरं हसून लोळायची.

कमिटी मात्र वैतागलेली. यंदा फायनलच्या सकाळी अध्यक्ष हरिचंद्रदादांनी त्याच्या हातात एक कागद ठेवला.

"हे बघ कैलास, आज यूट्यूबवर लाईव्ह आहे. उल्हासनगरचे राजानी शेठ स्पॉन्सर आहेत. त्यांच्या जीन्सची जाहिरात वाचायची, बस. तुझा नेपोलियन एकदा जरी आला ना, पुढच्या वर्षी माईक दुसऱ्याकडे."

कैलासचा चेहराच पडला. घरी बायको नूतन म्हणायची, "मला भाजी टाकायचीय, तुझा मॉस्को त्या मैदानावर सांग." कंपनीत कुणाला टाईम नाही. ऐकणारी माणसं त्याला मिळायची ती फक्त ह्या माईकमुळे.

म्हणून बिचारा शहाण्यासारखा वागला. सिक्स गेला, जीन्स. विकेट पडली, जीन्स.

शेवटची ओव्हर. कुळगावला दोन बॉलमध्ये पाच हवेत. बॉल उंच गेला आणि विठ्ठलवाडीच्या सनीने बाउंड्रीवर मागे वाकून पकडला. पाय रेघेला लागला असेल तर सिक्स, कुळगाव जिंकलं. नसेल तर आऊट. अंपायर अण्णा धावत गेले, बघतात तर रेघच गायब! पब्लिक सकाळपासून तिच्यावरच बसलेली, चुना सगळा लोकांच्या पॅन्टींना. रिप्ले बघायला गेले तर यूट्यूबवाल्याचा लॅपटॉप हँग.

"ए सनी, खोटं बोलतो काय रे!"

"तुझ्या डोळ्यांत गेलाय चुना!"

दोन्हीकडची पब्लिक आत घुसली. कुणीतरी स्टंप उपटला.

"जीन्स वाच, जीन्स वाच!" हरिचंद्रदादा घाबरून ओरडले. कैलासने वाचली. कोण ऐकतंय!

मग त्याने कागद खिशात कोंबला.

"मंडळी, एका रेघेची गोष्ट ऐका! सत्तेचाळीस साली लंडनहून एक साहेब आला. हा देश त्याने आधी कधी बघितलाच नव्हता. त्याला सांगितलं, पाच आठवड्यांत दोन तुकडे कर. त्याने मारली रेघ नकाशावर. कुणाचं घर इकडे, विहीर तिकडे! आणि रेघ जाहीर झाली तसा साहेब विमानात बसला, गेला, परत कधी फिरकला नाही."

स्टंपवाला थांबला.

"आपले अण्णा कुठे पळणार? उद्या सकाळी कुळगावातच दूध आणायला जाणार, संध्याकाळी विठ्ठलवाडीला लेकीकडे चहाला. जो पळून जाऊ शकत नाही, त्याने मारलेली रेघ मानायची!"

आधी एक हसला, मग सगळेच. स्टंप परत मातीत गेला. अण्णांनी पायाने नवी रेघ ओढली, सनीच्या टाचेची खूण नीट बघितली आणि बोट वर केलं. आऊट! कुळगाववाले कुरकुरले, पण मागे फिरले.

आता इथे थांबायचं ना? पण कैलास कसला थांबतोय! "आणि मंडळी, त्या फाळणीत सिंधमधली माणसं निघाली. कराचीच्या बंदरात ही गर्दी, बोट भरलेली..."

तेवढ्यात शेवटचा बॉल पडला. बोल्ड! विठ्ठलवाडी नाचायला लागली. आणि लाईव्हवर कैलास अजून बंदरातच!

हरिचंद्रदादांनी माईक खेचला. "अरे बोल्ड झाला बोल्ड! तू कराचीत काय करतोयस?"

अख्ख्या मैदानाने ऐकलं. हशा पिकला. कैलासने मान खाली घातली. संपलं, गेला माईक.

तेवढ्यात राजानी शेठ खुर्चीतून उठले. सत्तरीचा माणूस, हळूहळू चालत आले आणि दादांच्या हातून माईक घेऊन कैलाससमोर धरला. "मेरी दादी थी ऐसी ही एक बोट में. जीन्स जाऊ दे रे. बोट पोचली का नाय, ते सांग."

हरिचंद्रदादांनी कपाळाला हात लावला. "सांग बाबा, सांग. पण पुढच्या वर्षी बॉल पडला की गप्प बसायचं!"

ट्रॉफी टेबलावर तशीच राहिली. कैलासने घसा खाकरला.

"तर मंडळी, बोट सुटली..."