कोऱ्या कागदावरची वल्ही

मतं मागायला कोणी आलं की आमच्या गावच्या कोळीवाड्यातली माणसं त्याला बसायला घोंगडी देतात, पाणी देतात, त्याचं सगळं बोलणं मान डोलावून ऐकून घेतात, आणि तो वळणापलीकडे गेला की हसतात. बाहेरच्याला वाटतं, ही माणसं स्वभावानेच अशी. तसं नाही. त्यांचा एकदा पूर्ण विश्वास बसलेला मी पाहिला आहे. तो ज्या कागदाने मोडला त्यावर माझं अक्षर आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

गाव ठाणे-कल्याणच्या खाडीवरचं, एवढंच सांगतो. मी मूळचा साताऱ्याकडचा. वडील गेले आणि मराठी तिसरीत शाळा सुटली. पुढे आगगाडीत बसून इकडे आलो तो ओळखीचं एक माणूस नसताना. आल्या आल्या हिवतापाने धरलं. धर्मशाळेच्या ओट्यावर पडलो होतो, तेव्हा गवताचा व्यापार करणारे एक गृहस्थ मला उचलून आपल्या ओसरीवर घेऊन गेले. त्यांच्या घरच्या बाईंनी मला तीन आठवडे पेज पाजली. बरा झालो तर त्यांनीच शब्द टाकून जकात नाक्यावर पावत्या लिहायची नोकरी लावून दिली. सगळे त्यांना दादासाहेब म्हणत. मी त्यांना नमस्कार केल्याशिवाय नाक्यावर गेलो नाही. नोकरी जाईल, गावी आईला काय कळवायचं, ही धास्ती मात्र पहिल्या दिवसापासून होती, आणि ती कधी गेलीच नाही.

त्या सुमारास सरकारने नवा कायदा काढला, की म्युनिसिपालिटीचे काही मेंबर लोकांनी निवडावेत. आधी सगळे साहेबाने नेमलेले असत. नेमलेल्या मेंबरावर कोणी रागावत नसे. भरतीवर कोणी रागावतं का? आली की होड्या वर ओढायच्या, एवढंच. पण आता घरपट्टी भरणाऱ्याला मत होतं. कोळीवाड्यात अशी दहा-बारा घरं होती, आणि दादासाहेब उभे राहिले होते.

ते कोळीवाड्यात पायी आले. पालथ्या घातलेल्या होडीवर बसले. तिथल्या लोकांचं मागणं दोनच गोष्टींचं होतं. एक गोड्या पाण्याची विहीर, कारण बायका अर्ध्या कोसावरून पाणी आणत. दुसरं खळं, म्हणजे खाडीकाठची मासळी सुकवायची सपाट जागा. जागा सरकारी, वहिवाट आज्या-पणज्यांपासूनची, कागद एकही नाही. ती जागा कोळीवाड्याच्या नावाने कायमची लिहून मिळावी, असं त्यांचं म्हणणं होतं.

कोळीवाड्याचा म्हातारा पाटील म्हणाला, "दादासाब, आमाला बोलाला येत नाय. आमचे तोंडान तुमीच बोला."

"बोलेन. मी तुमचाच आहे," दादासाहेब म्हणाले. आणि तेव्हा ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही.

ते निवडून आले. कोळीवाड्यातले मत असलेले तर डोक्याला नवी फडकी बांधून कचेरीत गेले होते. परत येताना वाजतगाजत आले.

पुढे काही महिन्यांनी दादासाहेबांनी मला बोलावलं. "कोळीवाड्याचा अर्ज करायचाय. वरचा मजकूर वकील चांगल्या भाषेत लिहितील. तू खालच्या निशाण्या तेवढ्या घेऊन ये."

ज्यांना सही येत नसे ते आपापल्या धंद्याची खूण काढत. कुणब्याचा नांगर, कोळ्याचं वल्हं, बाईमाणसाची बांगडी. खुणेशेजारी लिहिणाऱ्याने त्या माणसाचं नाव घालायचं, आणि शेवटी 'दस्तूर' म्हणून स्वतःचं. म्हणजे हा कागद माझ्या हातचा, याला मी जबाबदार. दस्तूर नसलेल्या कागदाला आमच्याकडे कोणी कागद म्हणत नसे.

मी कोरा ताव घेऊन गेलो. पाटलाने तो उलटसुलट करून पाहिला.

"वर कायच नाय?"

"वरचं नंतर लिहिणार, बाबा. वकील लिहिणार."

"काय लिवनार?"

"विहीर आणि खळं. दुसरं काय?"

"मग दे." त्याने बोरू मुठीत धरला, जीभ दातांत पकडली आणि वल्हं काढलं. ते इतकं लांब झालं की शेजारच्याला जागा उरेना. "आरं, तुजं वल्हं हाय का आख्खी होडी हाय!" म्हणून सगळे हसले. सुकी मासळी विकणारी एक विधवा बाई होती. मला महिनाभर खोकला होता तेव्हा तिने आपणहून काढा आणून दिला होता, तेव्हापासून मी तिला मावशी म्हणत असे. तिने बांगडी काढली आणि म्हणाली, "नीट लिव रं माजं नाव. जल्मात पयल्यांदा कागदावर चाललंय." मी सगळ्यांची नावं घातली आणि खाली ठसठशीत दस्तूर घातला. मला त्या दिवशी आपण मोठं काम केल्यासारखं वाटलं.

विहीर झाली. पाणी गोड लागलं. दादासाहेबांना हार घातला, नारळ दिला.

दिवाळी झाल्यावर खळ्यावर खुंट्या मारलेल्या दिसल्या. मागोमाग पट्टेवाल्याने जाहीरनामा वाचला: दुर्गंधीमुळे गावच्या आरोग्यास अपाय होत असल्याने मासळी सुकवण्याची जागा खाडीपलीकडे नेण्यात येत आहे; सदर जागा गवताच्या गंजींसाठी देण्यात येईल; कोळीवाड्यातील रहिवाशांनी आपल्या निशाणीनिशी यास संमती दिलेली आहे; कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत कलेक्टरसाहेबांच्या कल्याणच्या मुक्कामी लेखी कळवावी.

सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी तसाच दादासाहेबांकडे गेलो. ते जेवून सुपारी कातरत होते.

"विहीर मिळाली ना त्यांना?" ते शांतपणे म्हणाले. "मीटिंगमध्ये बाकीचे मेंबर हटून बसले. म्हणाले, विहिरीला मत देतो, पण तो वास गावाबाहेर घालवा. एक घ्यायचं तर एक द्यावं लागतं. मला काय एकट्या कोळीवाड्याचं बघायचंय?"

"पण त्यांना सांगितलं असतं तर..."

"सांगितलं असतं तर विहीरही गेली असती. आणि निशाण्या त्यांच्याच आहेत ना? खोट्या आहेत का?"

शहाडच्या बाजूने येणारं गवत मुंबईला चढवायला त्या काठावर कोणाला जागा हवी होती, हे मी विचारलं नाही. ते मला माहीत होतं. मी त्यांच्या ओसरीवर बरा झालो होतो. तिथे उभं राहून तो प्रश्न तोंडातून निघेना.

चार रात्री झोप आली नाही. पाचव्या दिवशी मी हरकतीचा अर्ज लिहिला. या वेळी वरचा मजकूर पूर्ण: निशाण्या कोऱ्या कागदावर घेतल्या होत्या, संमती दिलेली नाही, जागा परत मिळावी. तो घेऊन कोळीवाड्यात गेलो आणि मोठ्याने वाचून दाखवला. होड्यांपाशी पंधरा-वीस माणसं जमली होती.

पाटलाने शेवटपर्यंत ऐकलं. मग बोटाने कागदाचा खालचा कोपरा दाखवला. "हिथं तुजं नाव घातलंस?"

मी म्हणालो, "नंतर घालतो, बाबा. आधी तुमच्या निशाण्या होऊ देत."

"तवा वरचं नंतर हुतं," तो म्हणाला. "आता खालचं नंतर."

कोणी हसलं नाही. मावशी पुढे आली. "घाल की रं आता. बोरू तुज्याच हातात हाय. तू घाल, मी पयली बांगडी काढतंय."

एवढंच करायचं होतं. माझं नाव लिहायला मला कितीसा वेळ लागतो? पण ते नाव दुसऱ्या दिवशी कल्याणला वाचलं जाणार, आणि संध्याकाळपर्यंत दादासाहेबांना कळणार, हे डोळ्यांपुढे आलं. नाका गेला, ओसरी गेली, पैसे का आले नाहीत म्हणून आईचं पत्र आलं, असं सगळं दिसलं. मी म्हणालो, "माझं नाव असून उपयोग नाही, मी नोकर माणूस. जागा तुमची आहे."

"जागा आमची, निशानी आमची, आनि नाव कुनाचंच नाय," पाटील उठत म्हणाला. "जा, बाबा. कागदान गेलं ते कागदान येत नाय."

"अवो, पन त्यो आपलंच सांगतोय," मावशी त्याच्या पाठीमागे ओरडली.

"दादासाबबी आपलंच सांगत हुता."

मी आणखी दोनदा गेलो. घरोघर गेलो. कोणी रागावलं नाही, घोंगडी दिली, पाणी दिलं, मान डोलावली. मी वळणापलीकडे गेल्यावर मागे हसू ऐकू आलं. ते मी पहिल्यांदा ऐकलं ते असं, स्वतःबद्दल. पंधरा दिवस संपले. तो अर्ज माझ्याकडे सापडू नये म्हणून मी चुलीत घातला.

खळ्यावर गंजी उभ्या राहिल्या. बायका ओला जवळा टोपल्यांत घालून होडीने पलीकडे नेऊ लागल्या. भरती-ओहोटीची वेळ साधली नाही की अर्धा माल कुजून जाई. मावशीने दोन वर्षं ते केलं, मग मासळी सोडली आणि दुसऱ्यांच्या मिठागरावर मीठ ओढायला जाऊ लागली. रस्त्यात भेटली तर "जेवलास का रं?" असं विचारायची. त्या प्रश्नाचं उत्तर देताना मला दर वेळी जमिनीकडे पाहावं लागे.

मला मरणातून उठवणाऱ्या माणसाला मी वाईट म्हणू शकत नाही, म्हणवतही नाही. विहीरही खरी होती. अजून तिचं पाणी गोड आहे. पण साहेबाच्या मेंबराने खळं नेलं असतं तर लोकांनी नशिबाला बोल लावला असता आणि पुन्हा कामाला लागले असते. हा त्यांनी स्वतः निवडलेला, त्यांच्या तोंडाने बोलणारा होता. त्यानंतर त्यांना स्वतःच्याच निवडीची लाज वाटू लागली असावी. आणि त्या वेळी एका तरी शिकलेल्या माणसाने आपलं नाव खाली घातलं असतं तर कदाचित ती लाज इतकी पक्की झाली नसती.

पुढची निवडणूक झाली. कोळीवाड्यातून एकही माणूस कचेरीत आला नाही. दादासाहेब तरीही निवडून आले, थोडक्यात. संध्याकाळी ओसरीवर पेढे वाटून झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. चेहरा खरोखर दुखावलेला होता.

"विहीर मी दिली ना रे त्यांना? मग का आले नाहीत?"

मी म्हणालो, "भरतीची वेळ होती. होड्या घेऊन गेले असतील."

"हां, तसंच असेल," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. मी तो खाल्ला.