वाचणारीनं अर्थ सांगायचा न्हाई

आमच्याकडं पोथी वाचायची एक पद्धत हाय. एकानं वाचायचं आन् दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. वाचणारीनं नुसतं वाचायचं, मधी थांबायचं न्हाई, हसायचं न्हाई, माझं असं म्हणणं हाय असं तर अजिबात म्हणायचं न्हाई. मी नववीतनं शाळा सोडली, पण वाचायला बरं येतं, म्हणून लग्न होऊन यवतच्या अलीकडं ह्या वस्तीवर आले तवापासून श्रावणातली पोथी मीच वाचते आन् अर्थ आत्याबाई सांगत्यात. आत्याबाई म्हंजी माझ्या सासूबाई. त्यांना अक्षर येत न्हाई, पण अर्थ त्याच सांगणार.

ते जाड पुस्तक आलं तवा शेवंतीचा तोडा चालू होता. सकाळी फुलं तोडायची, दुपारी पत्र्याच्या शेडात बसून निवडायची, डागी बाजूला, चांगली क्रेटमधी, आन् संध्याकाळी टेंपो आला की पुण्याला. आम्ही सात-आठ बाया. बचत गटाच्या बाईंनी पंचायतीच्या वाचनालयातनं पुस्तक आणून दिलं, म्हणल्या, मोबाईल बघत बसता त्यापरीस हे वाचा. उशीएवढं जाड. लई जुन्या काळातलं, महाराजांच्याही आधीच्या, एक गड आन् त्याच्यावरची माणसं.

आत्याबाईंनी ते हातात घेऊन वजन बघितलं, मंग पाट मांगितला, पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाह्यलं.

टेंपोवाल्याची बायको हसायला लागली. "आत्याबाई, कादंबरी हाय ती. पोथी न्हाई."

"जुन्या काळचं हाय, गडाचं हाय, एवढं जाड हाय. पोथी न्हाई तर काय भेंडीचं बी हाय व्हय?"

मी पहिलं पान उघडलं, तिथं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की ह्यातली माणसं खरी न्हाईत, मनानं रचलेली हायत. मी ते मोठ्यानं वाचलं.

"ते कोर्टाच्या भीतीनं लिहित्यात," आत्याबाई म्हणल्या. "घडलेलं असल्याबिगर एवढं कोण लिहील? चल फुडं."

असं ते पुस्तक आमच्यात पोथी झालं. म्हंजी सोडून वाचायचं न्हाई, अर्धं ठेवायचं न्हाई, संपल्यावर नारळ. आन् पोथी चालू असताना घरात कुठला मोठा निर्णय घ्यायचा न्हाई, हे पण आत्याबाईंचंच.

हे मला का सांगायचंय, तर पोथी लागल्यावर पहिल्याच रविवारी थोरले दीर आन् जाऊबाई शिरूरवरनं आलेले. दीर तिकडं कंपनीत हायत, दोन खोल्यांचा फ्लॅट हाय, पण घरात लेकरू न्हाई. जाऊबाईंनी लई दवाखाने केले. त्या वाईट न्हाईत. माझ्या धाकटीला मांडीवर घेतलं की त्यांचा चेहराच बदलतो. तर त्या दिवशी मी भाकरी करत होते आन् आत्याबाई बाहेर आमच्या ह्यांना म्हणाल्या, "हिला दोन पोरी हायत. धाकटी थोरल्याला देऊन टाकू. घरातल्या घरात. परक्याला देतोय का?" मी वाट बघत होते हे काहीतरी बोलतील. तव्यावरची भाकरी काळी झाली तरी हे गप. मंग आत्याबाईच म्हणल्या, "बघू. पोथी लागलीय आपली सोमवारपासनं. संपू दे. समाप्तीला थोरली सून येईल, तवा ठरवू."

धाकटी तवा अंगावर पीत होती. मला कुणी काही इचारलं न्हाई. माहेर केडगावला हाय पण तिथं भाऊ-भावजय आन् त्यांचंच त्यांना, वडील गेल्यावर मी तिथं दोन दिवसाच्या वर राहिले न्हाई. मी कुणाला सांगणार होते.

म्हणून ते पुस्तक लांब होतं ह्याचं सगळ्यांना दुःख आन् मला आनंद. खरंच सांगते. धाकटी शेडाच्या अँगलला झोळीत, मी एका पायानं झोळी हलवायची आन् वाचायचं, सावकाश, एकेक शब्द. लेखकानं घोड्यांचंच लई लिहिलेलं, कुठलं घोडं कुठल्या देशाचं, कुणाचं खोगीर कसलं, पानंच्या पानं.

आमच्या वस्तीवरच्या नानी, म्हातारं माणूस, त्या पार वैतागल्या. "घोडं, घोडं, घोडं. ह्याच्या दारात कवा घोडं बांधलं होतं का ह्याच्या बापानं? ए पोरी, सोड ती पानं, माणसांवर ये."

"पोथी सोडून वाचत न्हाईत नानी," मी म्हणलं.

टेंपोवाल्याच्या बायकोला उलट लढायाच आवडायच्या. "वाच गं वाच. माझ्या नवऱ्याला हडपसरचा सिग्नल कळत न्हाई, आन् हा बघ, अंधारात हजार घोडी नेतोय." मंग सगळ्या हसायच्या. एकजण म्हणायची भाषा लई जड हाय, दुसरी म्हणायची जड हाय म्हणून तर खरं वाटतंय. निवडता निवडता भांडणं. मी मान खाली घालून वाचायचं. मला वाटायचं असंच चालावं, शेवंती संपू नये, पुस्तक संपू नये.

पण मधोमध आल्यावर ते आलंच. गडाला वेढा पडलेला, टाक्यातलं पाणी आटलेलं. वेढा घालणारा जो सरदार त्याला मूलबाळ न्हाई, आन् तो निरोप पाठवतो की गडावरच्या बाईनं तिची तान्ही पोरगी मला द्यावी, मी तिला लेक म्हणून वाढवतो आन् वेढा उठवतो. फुडं काय हाय ते मला ठाऊक नव्हतं. पान उलटलं तर त्यात परत सरदाराची छावणी, तंबू, घोडी, पाच पानं, आन् त्याच्यानंतर एकच ओळ, की बाईनं मूल दिलं. बस. ती रडली का, बोलली का, दूध कुणी पाजलं, काहीच न्हाई. मी पान मागं फुडं करून बघितलं, मला वाटलं एखादं पान चिकटलं असंल.

"काय झालं? थांबलीस का?" आत्याबाई म्हणल्या.

"संपला अध्याय."

मंग शेडात जे सुरू झालं ते टेंपो येईपर्यंत. आत्याबाईंनी अर्थ सांगितला, की बघा, एक पोरगी दिली आन् आख्खा गड वाचला, ह्याला म्हणत्यात आई. नानींनी हातातली फुलं खाली टाकली. "आई कसली ती? मी म्हणते गड गेला खड्ड्यात. लेकरू काय मेंढीचं कोकरू हाय का, ह्या कळपातनं त्या कळपात?"

"अवो नानी, पोरीचं भलंच झालं की. तहानेनं मेली असती," टेंपोवाल्याची बायको म्हणली.

"मरू द्यायची व्हती मंग आईच्या मांडीवर."

"असं बोलू नका, झोळीत लेकरू झोपलंय," कुणीतरी म्हणलं, आन् सगळ्या झोळीकडं बघायला लागल्या. मंग माझ्याकडं. मला कळलं की सगळ्यांना ठाऊक हाय. वस्ती केवढी ती. त्यांचं पुस्तकावरचं भांडण हे पुस्तकावरचं नव्हतंच.

तवापासनं रोज दोन बाजू. घोडी राहिली बाजूला. निम्म्या आत्याबाईंकडनं, निम्म्या नानींकडनं. मी रोज मोजल्यासारखी ऐकायची की आज कोण इकडनं तिकडं गेलं. एखादीनं नानींसारखं बोललं की मला तिच्या पाया पडावं वाटायचं. पण बोलता येत न्हाई, वाचणारी मी.

मग मी एक केलं. पहाटं चुलीवर पाणी तापायला ठेवायचं आन् तिथंच बसून फुडची पानं बघायची. शेवट बघितला. ती पोरगी मोठी होते, सरदाराच्या घरची होऊन जाते. खरी आई म्हातारी होऊन तिला भेटायला जाते, दाराशी उभी राहते, आन् पोरगी तिला वळखत न्हाई. परक्या बाईला करावा तसा नमस्कार करते आन् आत जाते. तिथंच पुस्तक संपतं.

मी चुलीपाशी बसून रडले पण आतनं मला बळ आलं. म्हणलं, पुस्तक माझ्या बाजूचं हाय. आत्याबाई पोथीच्या शब्दाबाहेर जात न्हाईत. शेवट ऐकला की त्यांच्या तोंडातनंच अर्थ निघंल, की असं करू नये. मला बोलायलाच नको. तवापासनं मी भराभर वाचायला लागले. आधी संपू नये वाटत होतं, आता कवा संपतंय असं झालं.

समाप्तीला जाऊबाई आल्या. चौफुल्यावर गाडी बदलून, हातात पिशवी. पिशवीतनं बाहेर एक पिवळ्या झबल्याची बाही आलेली मला दिसली. शेडात पाट, नारळ, पेढे. मी शेवटचा अध्याय वाचला. न थांबता वाचलं, दाराशी आई उभी हाय तिथपर्यंत, नमस्कार करते तिथपर्यंत, आत जाते तिथपर्यंत. कुणी फुलाला हात लावीना. टेंपोवाल्याची बायको, जी आत्याबाईंकडनं होती, ती पदरानं डोळं पुसत होती. नानी म्हणल्या, "बघा. म्हणत न्हवते मी?"

मी आत्याबाईंच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी डोळं मिटले. मंग म्हणल्या, "केवढी गुणाची पोर. परकी बाई दारात आली तरी हात जोडले तिनं. वाढवणाऱ्यांनी चांगलं वळण लावलं बघा. आईनं ते डोळ्यांनी बघितलं, अजून तिला काय पाहिजे व्हतं?"

असा अर्थ निघाला. आन् नारळ फुटला.

नानी काहीतरी बोलत होत्या, पण पेढे वाटायला सुरुवात झाली. जाऊबाईंनी झोळीतनं धाकटीला उचललं, मला म्हणल्या, "तू कवा पण ये गं, तुझंच घर हाय." मी हो म्हणलं न्हाई, न्हाई पण म्हणलं न्हाई. ब्लाऊज दुधानं भिजला होता, मी वरनं पदर घेतला. हे टेंपोला क्रेट चढवत होते, पाठ करून.

आता धाकटी चालती. मी शिरूरला दोनदा गेले. न्हावऱ्यावरनं गाडी जाते. तिथं ती जाऊबाईंना आई म्हणते. मला काकी म्हणायला शिकवलंय. मागच्या खेपेला जाऊबाई म्हणल्या, काकीला जय कर, तर तिनं दोन्ही हात जोडले. लई गोड दिसली. मी पण जोडले.

इकडं पुस्तक वाचनालयात परत गेलं, पण बायांचं भांडण संपलं न्हाई. परवा निवडताना परत निघालं, बाईनं बरोबर केलं का चूक. नानी बोलता बोलता थांबल्या आन् मला म्हणल्या, "तू तर आख्खं वाचलंस. आम्ही नुसतं ऐकलं. तुला काय वाटतं गं?"

सगळ्या थांबल्या. आत्याबाई पण. मला ती एकच ओळ आठवली, पाच पानं घोड्यांच्या मागची. मी सांगायला तोंड उघडलं, पण काय सांगू तेच येईना, शब्दच न्हाई, त्या पानावर पण नव्हता.

"डागी फुलं इकडं द्या," मी म्हणलं. माझी थोरली पोरगी पदराला धरून उभी होती. आजकाल ती पदर सोडतच न्हाई.