माझ्या घरचा खाऊ तिला ओळखता येत नसे

भाद्रपदाची पौर्णिमा आली की आमच्या फैजपुरात घरोघरी गुलाबाई बसायची. मातीची गुलाबाई, शेजारी तिचा गुलोजी, आणि दिवेलागणीला गल्लीतल्या आम्ही मुली टिपऱ्या घेऊन एकेका घरी गाणी म्हणायला हजर. गाणी संपली की खरी मजा. त्या घरची मुलगी झाकण लावलेला डबा आणून मध्ये ठेवायची आणि आत कोणता खाऊ आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. गोड की तिखट, तळलेला की भाजलेला, एवढं विचारायची मुभा असे. ओळखेपर्यंत किंवा सगळ्यांनी हार मानेपर्यंत झाकण उघडत नसे, आणि खाऊ खाल्ल्याशिवाय कुणी उठत नसे.

ओळखण्यात तिचा हात धरणारी कुणी नव्हती. ती म्हणजे शाळेत माझ्या बाकावर बसणारी, नववीतली, आमच्याच गल्लीत राहणारी. वडील एसटीत कंडक्टर. डबा कानाशी नेऊन हलवायची, क्षणभर डोळे मिटायची आणि 'फुटाणे' म्हणून मोकळी व्हायची. बाकीच्या मुली चिडायच्या. अजून गोड की तिखट तेही विचारून झालेलं नसायचं.

फक्त आमच्या घरी तिचं डोकं चालत नसे. शेव असो, पेरूच्या फोडी असोत, ती एकामागून एक चुकतच जायची. आमचं घर गल्लीच्या टोकाला, म्हणून फेरीत शेवटचं. सुरुवातीला मी फुशारले. मला वाटलं, आपण खाऊच असा निवडतो की भल्याभल्यांनी हात टेकावेत. मग एका संध्याकाळी लक्षात आलं की पेरूचा वास अंगणापर्यंत दरवळत होता आणि ही बया मला विचारत होती, 'चकल्या का?'

त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

कारण मला तेव्हा काय होत होतं ते माझं मलाच धड कळत नव्हतं. दुपारच्या तासाला वर्गात ऊन आडवं यायचं, बाहेरच्या रस्त्यानं केळीचे घड भरलेले ट्रक घरघरत जायचे, बाई भूगोल शिकवत असायच्या, आणि तिच्या वेणीचं टोक माझ्या दंडावर पडलेलं असायचं. मी दंड हलवायची नाही. मुंग्या आल्या तरी नाही. ती दुसऱ्या कुणाशी हसून बोलली की माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग. मग ती मधल्या सुट्टीत डब्यातलं लोणचं न विचारता माझ्या पोळीवर ठेवायची आणि राग कुठे जायचा कोण जाणे. घरी गेल्यावरही हात धुवावासा वाटायचा नाही. 'मैत्रीण' या शब्दात हे मावत नव्हतं, आणि दुसरा शब्द आम्हाला कुणी शिकवलेला नव्हता. माझं तिच्यावर प्रेम होतं. आज हे लिहिताना हात अडखळत नाही, तेव्हा ते मनात म्हणायलाही जीभ नव्हती.

अशातच तिच्या वडिलांची बदली धुळ्याला झाली. कोजागिरीला गुलाबाईचं विसर्जन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सामानाचा ट्रक. धुळं काही सातासमुद्रापार नव्हतं, पण परकर-पोलक्यातून नुकत्याच सुटलेल्या मुलीला एकटीनं एसटीत कोण बसू देणार? माझी एकच तगमग होती. ती जाण्याआधी मला कळायला हवं होतं, हिलाही माझ्यासारखंच होतं का. आमच्याकडे जास्त वेळ बसता यावं म्हणून ती मुद्दाम चुकत होती की खरंच चुकत होती, यावर माझं सगळं अडलं होतं. विचारायची सोय नव्हती. काय विचारणार?

मग मी एक न शोभणारी गोष्ट केली. खाऊ होताना फेरीतल्या मुलीला चुलीपाशी फिरकू द्यायचं नाही, हा नियम पाळण्यात आम्ही सगळ्या कडक. कोजागिरीच्या दुपारी मी तिला सरळ स्वयंपाकघरात बोलावलं. आईला वाटलं, पोरगी उद्या चालली, बसू दे घटकाभर.

केळ्याच्या घाऱ्या करायच्या होत्या. तिनं परातीत पिकलेली केळी कुस्करली, मी गूळ किसून घातला, दोघींनी मिळून कणीक मळली. बोटं बोटांना लागत होती. परसातल्या शेवग्याची सावली भिंतीवर हलत होती आणि दुपार अशी संथ की ती कधी संपणारच नाही असं वाटावं. तिच्या हनुवटीला पीठ लागलं होतं. मी सांगितलं नाही, पाहत राहिले.

संध्याकाळी फेरी आमच्या घरी आली. मी डबा मध्ये ठेवला. डब्याचं झाकण अजून कोमट होतं, घरभर तळणाचा वास. मुलींनी करंजी म्हणून पाहिली, शंकरपाळे म्हणून पाहिले. मग सगळ्या तिच्याकडे वळल्या. तिनं डबा कानाशी नेला, हलवला, डोळे मिटले.

'चिवडा?'

मी नकाराची मान हलवली.

'रेवड्या? लाह्या? मग काकडी?' ती सावकाश एकेक नाव घेत होती आणि डोळे उघडून माझ्याकडेच पाहत होती. लहान मुली कंटाळून जांभया द्यायला लागल्या. तिनं सगळ्या गावाचा खाऊ मोजून काढला, घाऱ्या तेवढ्या सोडल्या. शेवटी तिच्या वडिलांनी अंगणातून हाक मारली, सामान बांधायचं राहिलं होतं.

'हारली वं मी,' ती म्हणाली. ती कुठल्याही घरी असं म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मी झाकण काढलं. घाऱ्या पाहून आई दारातूनच म्हणाली, 'व माय! दुपारी तूच त केये कुस्करले ना आमच्या घरी!'

मुलींनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझे कान तापले. तिनं शांतपणे एक घारी उचलली, अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली आणि आईला म्हणाली, 'मले आठोलंच नाही, मावशी.'

इतकं धडधडीत खोटं माझ्यासाठी पुन्हा कधी कुणी बोललं नाही.