उजव्या बाजूची पाटी

मोठमोठी साम्राज्यं का लयाला जातात, हे मला विचारा. नांदेडच्या कॉलेजात मी तीसेक वर्षं हेच सांगत आलो. सात मुद्दे. दुर्बल वारसदार, अंतर्गत कलह, सरदारांची मनमानी, परकीय आक्रमणं, रिकामा खजिना, आवाक्याबाहेरचा विस्तार, आणि सातवा मुद्दा 'इतर कारणे', ज्यात मुलांनी सुचेल ते घालावं. मौर्यांना हेच सात, गुप्तांना हेच सात, बहामनींनाही हेच. राजांची नावं तेवढी बदलायची. मुदखेडहून गाडीनं येणारी पोरं उशिरा वर्गात शिरायची आणि शेजारच्याला हळूच विचारायची, "कितवा मुद्दा चालू हाय?" कोणतं साम्राज्य चालू आहे, हे कुणी विचारत नसे. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

राष्ट्रकूट आले की मात्र मी रंगात यायचो. ते स्वतःला लत्तलूरचे धनी म्हणवत, लत्तलूर म्हणजे आपलं लातूर, असं सांगताना माझी मान उगाच ताठ व्हायची. मग मी जळकोटकडच्या माझ्या गावची गोष्ट काढायचो. आमच्या महादेवाच्या देवळात दाराच्या उजव्या हाताला भिंतीत एक काळा दगड आहे. त्यावर जुन्या कानडीतल्या अकरा ओळी आहेत. आजवर त्या कुणीही वाचलेल्या नाहीत. राष्ट्रकूटांच्या असतील, नाहीतर त्यांना बुडवणाऱ्या चालुक्यांच्या. वर्ग गप्प होऊन ऐकायचा. वर्षभरात तेवढा एकच तास, ज्यात कुणी जांभई देत नसे.

ओळी अकरा, हे मी लहानपणी बोटानं मोजलेलं. गावात कुणी म्हणायचं गुप्तधनाचा पत्ता आहे, कुणी म्हणायचं शाप आहे. दर्शनाला येणारे दगडालाही शेंदराचं बोट लावून जात. वडील मला उचलून धरायचे आणि म्हणायचे, "बोट फिरव, बुद्धी येती." बुद्धी आली की नाही ते पुढे कळेलच.

वडील गेले त्या वर्षी गावानं देवळाचा जीर्णोद्धार काढला. आमच्याकडे जीर्णोद्धार म्हणजे काय, हे सांगायला नको. भिंतींना फरश्या, खांबांना ऑइलपेंट, कळसाला लायटिंग, आणि जिथे जागा दिसेल तिथे देणगीदाराचं नाव. पंख्याच्या पात्यावरसुद्धा नाव. पंखा फिरायला लागला की देणगीदार दिसेनासा होतो, पण त्याची हौस फिटलेली असते. इतिहासाचा माणूस म्हणून मी हे थांबवायला हवं होतं. मी काय केलं? मीही पाटी करायला टाकली. ग्रॅनाइटची, सोनेरी अक्षरांची, वडिलांच्या स्मरणार्थ.

तशी छोटी पाटी पुरली असती. पण आमच्या भावकीनं, म्हणजे चुलत्याच्या घरानं, दाराच्या डाव्या हाताला संगमरवरी पाटी लावली होती. बांधावरून आमचं त्यांचं बोलणं बंद होतं. त्यांची पाटी दर्शनी भागात आणि माझ्या वडिलांची मागे कुठेतरी, हे मला खपलं नाही. मी पंचांना फोन करून बजावलं, आमची पाटी दारालाच लागली पाहिजे, त्यांच्यापेक्षा तसूभर मोठी. डावी बाजू गेली होती. उरली उजवी.

चार दिवसांनी देवळाच्या गुरवाचा फोन आला. गुरवकाका वडिलांच्या वयाचे. मी नुकताच तास संपवून स्टाफरूममध्ये आलो होतो, बोटांना खडू होता. ते म्हणाले, "सर, उजव्या अंगाला अक्षराचा दगुड हाय नव्हं, त्याच्यावर सिमेंट धरंना. मिस्त्री म्हणतो छिन्नी मारावी लागल. मारू म्हणू का?"

मला सगळं समजलं होतं. नीट समजलं होतं. मी म्हणालो, "पाटी मजबूत बसली पाहिजे, काका. बाकीचं तुम्ही बघा."

'मारा' असं मी म्हणालो नाही. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो. पाटी बसली, महाप्रसाद झाला, मी सपत्नीक पूजेला बसलो. पाटीखाली काय राहिलंय, हे मी विचारलं नाही. आणि खरी लाज याची वाटते की पुढच्या वर्षी राष्ट्रकूट आले तेव्हा मी वर्गात पुन्हा तीच गोष्ट सांगितली. दगड आहे, म्हणालो. अकरा ओळी आहेत, म्हणालो. वर्ग पुन्हा गप्प होऊन ऐकत होता.

त्या वर्गात उदगीरकडची एक मुलगी होती. आजोळ बिदरचं, त्यामुळे कानडी घरातली. तिनं ती गोष्ट वहीत उतरवून घेतली. पुढे ती जुनी कानडी लिपी शिकली, पीएच.डी.ला लागली आणि जळकोट भागातल्या शिलालेखांची यादी करायला घेतली. गेल्या वर्षी तिचा फोन आला. "सर, तुमच्या गावचा लेख सगळ्यात आधी वाचायचा आहे. तुमच्यामुळेच मी यात पडले. तुम्ही याल ना सोबत?"

नाही म्हणायला कारण सापडेना. खरं सांगायला जीभ रेटेना. मी गेलो.

देवळासमोर ती गाडीतून उतरली ती लेखाचा ठसा घ्यायला कागदाची गुंडाळी, ब्रश, पाण्याची बाटली असं सगळं घेऊन. अनवाणी दारापर्यंत गेली आणि उजवीकडे वळून थांबली. समोर माझ्या वडिलांचं नाव सोनेरी अक्षरांत चमकत होतं. खाली माझं, पदवीसकट.

ती माझ्याकडे बघायच्या आत मी बोललो, "अरे! हे कधी झालं? मला कुणी कळवलंच नाही." माझ्या नावाच्या पाटीसमोर उभा राहून मी हे बोललो.

गुरवकाका गाभाऱ्यातून बाहेर येत होते. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट मी विसरलो असेन, म्हणून ते आठवण करून द्यायला लागले. "आसं कसं सर, तुम्हालाच तर इचारलं व्हतं म्या. फोन लावून इचारलं. तुम्ही म्हणलात पाटी मजबूत बसली पायजे. मंग मिस्त्री दोन दिवस छिन्नी मारत व्हता. लई कठीण दगुड. पर आता बघा, हालत न्हाई." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "बाई, रोज फडकं मारतो म्या पाटीला."

मला वाटत होतं, तिनं भांडावं. माझी लाज तेवढी तरी हलकी झाली असती. तिनं पाटीच्या कडेवरून बोट फिरवलं, कुठे दगड बाहेर दिसतोय का ते पाहिलं. सिमेंट अगदी काठोकाठ होतं. मग ती पायरीवर बसली आणि तिनं रजिस्टर उघडलं. आखलेले रकाने होते. गाव, जागा, लिपी, ओळी. ओळींखाली तिनं अकरा लिहिलं, माझ्या शब्दावर. स्थिती या रकान्यात लिहिलं, नष्ट. शेवटचा रकाना होता, कारण.

तिथे तिचं पेन थांबलं. वर न बघता तिनं विचारलं, "सर, इथं काय लिहू?"

माझ्याकडे सात मुद्दे होते. पहिला, दुर्बल वारसदाराचा, तर अगदी चपखल बसत होता, दुसरा, अंतर्गत कलहाचाही. जन्मभर मी ते मुलांना लिहून दिले, आणि आता ती लिहून घ्यायला बसली होती, तर माझ्या तोंडून एक अक्षर फुटेना. गुरवकाकांनी मला पाणी आणून दिलं.

तिनं वाट पाहिली. मग त्या रकान्यात बारीक अक्षरात 'अज्ञात' असं लिहिलं आणि रजिस्टर माझ्यापुढे धरलं.

"चालेल ना, सर?"

"चालेल," मी म्हणालो.

निघताना ती नेहमीसारखी वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.