बंद खोलीतला भाडेकरू

कॉलेजच्या पहिल्या वर्षी इंग्रजीच्या सरांनी वर्गात एका जुन्या परदेशी मालिकेचं फार कौतुक केलं होतं. काळी-पांढरी मालिका, दर भागात नवी माणसं आणि शेवटी काहीतरी अघटित. कानाला इंग्रजीची सवय होईल, असंही ते म्हणाले. मी बुधवार पेठेतल्या एका दुकानातून तिच्या दोन व्हीसीडी आणल्या.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तास इंग्रजीतून चालत आणि मला त्यातलं निम्मंही कळत नसे. हे घरी माहीत नव्हतं. पप्पा हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवायचे. येरवड्याला घरी परतले की विचारायचे, "आज काय शिकवलं?" मी फळ्यावरचं एखादं वाक्य म्हणून दाखवायचो. बसमधली मुलं फोनवर इंग्रजी बोलताना त्यांना रोज आरशात दिसायची. पुढे मीही त्यांच्यात बसेन, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

एका रविवारी दुपारी ते म्हणाले, "लाव तुझं ते इंग्लिश. आम्ही बघतो, तू सांग."

आई तांदूळ निवडत बसली. पहिल्या व्हीसीडीवरच्या गोष्टी मी एकट्याने पाहिल्या होत्या. त्यांत माणसं कमी बोलत, आणि नीट न कळताही अंगावर काटा यायचा. दुसरी मी पाहिलेली नव्हती. तीच लावली.

एक घरमालकीण आणि एक डॉक्टर एका बंद दारासमोर उभे होते. आतला भाडेकरू दोन दिवस बाहेर आला नव्हता. एवढं मला कळलं. मग ते दोघं बोलायला लागले ते थांबेचनात. मला एखाददुसरा शब्द सापडायचा. मी त्यावरून सांगत राहिलो, की भाडेकरू दहा वर्षांपूर्वीच मेलाय, बाईला रात्री आतून पावलं ऐकू येतात. शेवटी दार उघडलं. खोली रिकामी. बाईने एप्रनच्या खिशातून एक कागद काढला, डॉक्टर हसला आणि भाग संपला.

"तो कागद कसला?" पप्पांनी विचारलं.

"शाप होता त्यात."

"मग डॉक्टर हसला कशाला?"

मी व्हीसीडीचं कव्हर उलटून बघितलं. पप्पा टीव्हीकडेच बघत होते. "आणि तो दोन-दोन मिनिटं बोलतोय, तुझं एका ओळीत उरकतंय. मघापासून बघतोय मी."

"अहो, राहू द्या ना," आई म्हणाली.

"मला सगळं कळत नाही, पप्पा," मी म्हणालो. "वर्गातही नाही कळत."

त्यांनी रिमोट हातात घेतला. रागावले होते की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मग रिमोट माझ्याकडे सरकवत म्हणाले, "पुन्हा लाव. कळेल तेवढंच सांग. नाही कळलं तर थांबव."

मी डिक्शनरी घेऊन बसलो. एकेक वाक्य तीन-चारदा ऐकलं. अर्ध्या तासाच्या भागाला आमची सगळी दुपार गेली. आईचे तांदूळ केव्हाच निवडून झाले होते, तरी ती उठली नाही. शेवटी गोष्टीचा अर्थ लागला. भाडेकरू बहिणीच्या गावी गेला होता. तशी चिठ्ठी त्याने बाईला दिली होती आणि ती खिशात ठेवून बाई विसरली होती.

"म्हणजे भूत नव्हतंच?"

"नाही."

"मग एवढा वेळ बोलत काय होते?"

"बरंचसं हवेबद्दल."

"तुझं भूत बरं होतं की मग," आई म्हणाली.

पप्पा हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "हे चांगलं असतं का? सर म्हणाले होते ना?"

सरांनी नावाजलेली मालिका. ती आवडली नाही तर आपलंच काहीतरी समजायचं राहिलं असणार, असं मी एरवी म्हटलं असतं. पण त्या दुपारी त्यातला शब्द न् शब्द मी शोधून काढला होता.

"हा भाग चांगला नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पप्पा आले, चपला काढल्या आणि नेहमीच्या जागी टेकले. "आज किती कळलं?"

"निम्मं. कमीच, खरं तर."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी चहा मागितला.